'कायकू' विचारणाऱ्या मुलांची बाजू

उर्दू माध्यमाच्या मुलांविषयी बोलायचे म्हटले की आपल्याकडे दोनच सूर लागतात. एक कीव करण्याचा, दुसरा हिणवण्याचा. कीव करणारे म्हणतात, 'बिचारी गरिबाची पोरे, त्यांना आधी धड लिहा-वाचायला तरी येऊ द्या.' हिणवणारे म्हणतात, 'उर्दू शाळेत ठेवलेय काय? पोरे शेवटी गॅरेजवरच जाणार.' हे दोन सूर वेगळे वाटले तरी त्यांचा मुक्काम एकच आहे. या मुलांना विचार करायला शिकवण्याची गरज नाही, हे दोघांनीही मनोमन ठरवून टाकले आहे. आम्ही हिंगोली जिल्ह्यातल्या उर्दू शाळांतून सहावी ते आठवीच्या वर्गांना शिकवणारे शिक्षक आहोत. आमचे भांडण या दोघांशीही आहे.

आमच्या मुलांच्या तोंडी एक शब्द सतत असतो : 'कायकू?' हा शब्द शुद्ध उर्दूत नाही आणि शुद्ध मराठीतही नाही. मराठीचा 'काय' घेऊन त्याला दखनी प्रत्यय लावून आमच्या आया-आज्यांनी तो घडवला. पहिलीत येणारे मूल दिवसातून पन्नास वेळा 'कायकू' म्हणते. सहावीत पोचेपर्यंत ते दहा वेळा म्हणते. आठवीत गेल्यावर ते म्हणायचे सोडून देते, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यातली कित्येक मुले शाळाही सोडून देतात. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, असे आमचे म्हणणे आहे. शाळेत प्रश्नाला जागा उरली नाही की मुलाला शाळेत थांबण्याचे कारण उरत नाही.

यावर ठरलेले उत्तर मिळते. 'मुले गरिबीमुळे शाळा सोडतात.' गरिबी आहे, ती कोण नाकारतो? सच्चर समितीने नोव्हेंबर २००६ च्या अहवालात नोंदवले होते की ६ ते १४ वयोगटातील २५ टक्के मुस्लिम मुले एकतर कधी शाळेत गेलीच नाहीत किंवा मधूनच बाहेर पडली. त्याच अहवालाने हेही दाखवून दिले की मदरशांत जाणाऱ्या मुलांचे प्रमाण ४ टक्क्यांच्याही आत आहे. म्हणजे आपली बहुतेक मुले साध्या शाळेतच येतात आणि साध्या शाळेतूनच गळतात. मग त्या शाळेत त्यांना काय मिळते, हा प्रश्न गरिबीइतकाच महत्त्वाचा ठरतो. सातवीतला मुलगा गॅरेजवर जातो तेव्हा तिथे त्याला दिवसभर प्रश्न सोडवावे लागतात. गाडी का बंद पडली? प्लग की कार्बोरेटर? ट्यूब पाण्याच्या टबात दाबून बुडबुडे कुठून निघतात ते तो शोधतो. त्याला कुणी 'शोधक पद्धत' शिकवलेली नसते, तरी तो तीच वापरतो. आणि शाळेत? शाळेत त्याने 'हवा जागा व्यापते' हे वाक्य दहा वेळा लिहून आणायचे. बुद्धी वापरायची सोय गॅरेजात जास्त आणि शाळेत कमी असेल, तर पोराने निवड चुकीची केली असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

आता मुद्द्याचे उदाहरण देतो. आमचा जिल्हा हळदीचा. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचे सत्कार झाले, हार-तुरे झाले. हंगामात आमच्या वर्गातल्या कितीतरी मुलांच्या आया हळद शिजवायला, निवडायला मजुरीने जातात. मुलांचे हात, वह्यांचे कोपरे, दप्तराचे बंद सगळे पिवळे. आणि विज्ञानाच्या पुस्तकात एक ओळ असते की हळद हा नैसर्गिक दर्शक आहे, आम्लारीत तो लाल होतो. ही ओळ मुले पाठ करतात. तेजाब म्हणजे काय, असास म्हणजे काय, याच्या व्याख्या पाठ करतात आणि परीक्षेत उतरवतात. हातावरची हळद आणि पुस्तकातली हळद एकच आहे हे कुणी त्यांना सांगत नाही, आणि त्यांनी विचारावे अशी सोयही नसते.

एकदा एका मुलीने विचारले, "सर, अम्मी के दुपट्टे पे हल्दी का दाग था, साबन लगाया तो लाल हुआ. कायकू?" उत्तर आमच्याजवळ तयार होते, पण आम्ही ते दिले नाही. वर्गालाच विचारले की तुम्हाला काय वाटते? एक म्हणाला, साबणातच लाल रंग असतो. दुसरी म्हणाली, गरम पाण्याने झाले असेल. तिसऱ्याने सांगितले की दुपट्ट्याचाच रंग सुटला असणार. मग आम्ही एवढेच म्हटले की यातले खरे कोणते हे भांडून नाही, करून ठरवा. पुढचे सगळे मुलांनी केले. हळद न लागलेल्या पांढऱ्या चिंधीवर साबण घासला. ती लाल झाली नाही. म्हणजे रंग साबणातला नव्हे. हळदीच्या चिंधीवर नुसते गरम पाणी ओतले. काही झाले नाही. म्हणजे पाण्याने नव्हे, दुपट्ट्यानेही नव्हे. दुसऱ्या दिवशी पानटपरीवाल्याच्या मुलाने बापाच्या डबीतला चुना आणला, कुणी धुण्याचा सोडा आणला, कुणी चुलीतली राख. सगळ्यांनी हळद लाल केली. कुणीतरी त्या लाल डागावर लिंबू पिळले आणि वर्ग ओरडला, "वापस पीला!"

इथे पाठ्यपुस्तकाचा धडा संपतो, पण मुलांचा संपला नाही. एकाने शंका काढली की लिंबू टाकले तरी हळद पिवळी, साधे पाणी टाकले तरी पिवळी. मग लिंबू आणि पाणी यांतला फरक हळदीला कळतो की नाही? शंका अगदी बरोबर होती. कोऱ्या हळदीवरून आम्ल ओळखता येत नाही, त्याला दुसरा दर्शक लागतो. मग जास्वंदीची फुले आली. त्यांचे पाणी लिंबाने गडद गुलाबी झाले आणि सोड्याने हिरवट. चार तासिका गेल्या. खर्च म्हणाल तर एका चहाचाही नाही. पण त्या चार तासिकांत मुलांनी अंदाज बांधला, तो तपासला, चुकीचा ठरला तेव्हा सोडून दिला आणि आपल्याच साधनाची मर्यादा स्वतः शोधून काढली. दर्शकाची व्याख्या त्यांना पाठ करावी लागली नाही.

'हे ठीक आहे, पण पोर्शन कोण संपवणार?' असे विचारणारे आमचे सहकारी आहेत आणि साहेबही आहेत. आम्ही त्यांना उलट विचारतो की तुमचा संपवलेला पोर्शन मुलाच्या डोक्यात किती दिवस टिकतो? दिवाळीच्या सुट्टीनंतर विचारून पाहा. जे टिकत नाही ते संपवले म्हणायचे की घालवले?

दुसरा आक्षेप जास्त गोड भाषेत येतो. 'हे हुशार मुलांसाठी छान आहे. तुमच्या मुलांचा पाया कच्चा आहे, आधी तो पक्का करा.' या वाक्याने जेवढे नुकसान केले तेवढे उघड द्वेषानेही केले नसेल. कारण पाया कधीच पक्का झाला असे जाहीर होत नाही आणि प्रश्न विचारण्याचा दिवस कधीच उगवत नाही. वास्तविक पाहता ज्याच्या घरी पुस्तके आहेत, बोलणारे आई-बाप आहेत, शिकवणी आहे, त्या मुलाला शाळेने विचार करायला शिकवले नाही तरी एक वेळ चालेल. ते घरी शिकेल. ज्याच्या घरात शाळेत गेलेला तो पहिलाच आहे, त्याला शाळेवाचून दुसरी जागाच नाही. म्हणजे शोधून शिकण्याची गरज सर्वांत जास्त त्याला, आणि आपण ते सर्वांत आधी त्याच्याकडूनच काढून घेतो.

हे आमचे मनोराज्य नाही. शेजारच्या मध्य प्रदेशात हे घडून गेले आहे. १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ माध्यमिक शाळांत, म्हणजे सहावी ते आठवीच्याच वर्गांत, किशोर भारती आणि रसुलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी विज्ञान शिकवण्याचा एक वेगळा कार्यक्रम सुरू केला. शाळा सरकारी, माध्यम हिंदी, मुले शेतकऱ्या-मजुरांची. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले आणि दिल्ली विद्यापीठातले शास्त्रज्ञ त्या खेड्यांत जाऊन शिक्षकांबरोबर बसले. 'बाल वैज्ञानिक' नावाची पुस्तके तयार झाली. त्यांत उत्तरे नव्हती, प्रयोग आणि प्रश्न होते. परीक्षेला पुस्तक उघडे ठेवायची मुभा होती आणि प्रात्यक्षिकही होते. मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देण्यासाठी 'सवालीराम' नावाचे एक पात्र निर्माण केले होते. मुले त्याला पत्रे लिहीत आणि त्यांना खरोखर उत्तरे येत. आमच्या 'कायकू'ला असा एखादा सवालीराम कधी भेटला? १९७८ मध्ये हा कार्यक्रम संपूर्ण जिल्ह्यात गेला, १९८२ मध्ये त्याचे काम पाहण्यासाठी 'एकलव्य' ही संस्था उभी राहिली आणि पुढे तो पंधरा जिल्ह्यांतील सुमारे हजार शाळांपर्यंत पोचला. २००२ मध्ये तिथल्या सरकारने तो बंद केला.

बंद केला, हे विरोधक आम्हाला नेहमी ऐकवतात. पण तीस वर्षे हजारभर सरकारी शाळांत साध्या शिक्षकांनी जे चालवले ते अशक्य होते असे म्हणता येत नाही. बंद पाडण्यासाठी शासनाचा एक आदेश पुरतो, चालवण्यासाठी शेकडो माणसे लागतात. आणि तीस वर्षे ती माणसे मिळाली होती.

आपल्या महाराष्ट्रातही दाखला आहे. १९७४ मध्ये मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापन झाले. त्याची उभारणी करणारे प्रा. व. ग. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी महानगरपालिकेच्या शाळांतल्या झोपडपट्टीतल्या, दलित समाजातल्या मुलांबरोबर वर्षानुवर्षे काम करत राहिले. त्यांच्या कामातून एक गोष्ट स्पष्ट झाली. ही मुले विज्ञानात मागे पडतात ती बुद्धीमुळे नव्हे. पुस्तकाची भाषा त्यांची नसते, प्रश्न त्यांचे नसतात, म्हणून ती अडखळतात. भाषा सोपी केली, बोलण्याची संधी दिली की तीच मुले पुढे येतात. दलित मुलांच्या बाबतीत जे खरे ठरले ते उर्दू शाळेतल्या मुलांच्या बाबतीत खोटे कसे ठरेल?

उलट आमच्या मुलांवर भाषेचे ओझे तिप्पट आहे. घरी दखनी, पुस्तकात उर्दू, बाजारात आणि कचेरीत मराठी, आणि पुढे कॉलेजात गेला तर इंग्रजी. 'प्रकाशसंश्लेषण' हा शब्द मराठी मुलालाही जड जातो. आमच्या मुलाला तो उर्दूत 'जियाई तालीफ' म्हणून भेटतो, अकरावीत इंग्रजीतून भेटतो आणि मधल्या काळात स्पर्धा परीक्षेच्या मार्गदर्शकात मराठीतून भेटतो. एका पानाच्या एका कामाला तीन नावे, आणि ते काम प्रत्यक्ष एकदाही पाहिलेले नाही! अशा मुलाला शब्द आधी देऊन चालत नाही. वस्तू आधी हातात द्यावी लागते, मग ते तिच्याविषयी आपल्या बोलीत बोलते, मग त्याला उर्दू शब्द द्यायचा, त्याच्या शेजारी मराठी शब्द लिहायचा. आमच्या वर्गात भिंतीवर अशी तीन रकान्यांची यादी मुलांनीच वाढवत नेली आहे : घरचा शब्द, उर्दू शब्द, मराठी शब्द. तेजाब-आम्ल, हरारत-उष्णता, इनइकास-परावर्तन. यातला पहिला रकाना मुलांकडून येतो आणि म्हणूनच बाकीचे दोन त्यांना परके वाटत नाहीत. दखनी बोलल्याबद्दल मुलाला हटकणारे उस्ताद आजही आहेत. जबान सुधारण्याच्या नादात आपण सवालच बंद करतो हे त्यांच्या लक्षात येत नाही.

उर्दूत विज्ञान होऊ शकत नाही, असे म्हणणाऱ्यांना या भागाचा इतिहास माहीत नसतो. १९१८ मध्ये हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले ते उर्दू माध्यमाचे. त्याच्या आधी दारुत्तर्जुमा म्हणजे भाषांतराची कचेरी काढून पाठ्यपुस्तके तयार करून घेतली गेली आणि वैद्यक, अभियांत्रिकीपर्यंतचे शिक्षण त्या भाषेत दिले गेले. हिंगोली तेव्हा त्याच राज्यात होते, ते सप्टेंबर १९४८ पर्यंत. त्या राज्यात मराठी, तेलुगू, कन्नड बोलणाऱ्या रयतेला आपल्या भाषेत उच्च शिक्षण मिळाले नाही हा अन्याय होता, तो आम्ही झाकत नाही. पण मूल ज्या भाषेत विचार करते त्या भाषेत शिकावे हे तत्त्व त्या रयतेच्या मुलाला जेवढे लागू होते तेवढेच आज आमच्या मुलाला लागू आहे.

आता कायद्याकडे वळू. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २९ मध्ये कृतीतून, शोधातून शिकणे, शक्य तेथवर मातृभाषेतून शिकणे आणि मुलाला भयमुक्त वातावरणात मोकळेपणाने आपले मत मांडता येणे या तिन्ही गोष्टी लिहिलेल्या आहेत. म्हणजे 'कायकू' विचारणे हा आमच्या मुलांचा कायदेशीर हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नव्हे. त्याच कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणिताला एक, सामाजिक शास्त्रांना एक आणि भाषेला एक असे किमान शिक्षक सांगितले आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही शोधक, प्रश्नांवर आधारलेल्या अध्यापनाचा पुरस्कार केला आहे. कागदावर सगळे आहे.

जमिनीवर काय आहे? आमच्या पाहण्यातल्या कित्येक उर्दू शाळांत उच्च प्राथमिक वर्गांना विज्ञानाचा शिक्षकच नाही. जो भाषा शिकवतो तोच विज्ञान उरकतो. राखीव जागांवर उर्दूतून शिकलेला उमेदवार मिळत नाही म्हणून पदे वर्षानुवर्षे रिकामी राहतात. आरक्षणाला आमचा विरोध नाही. पण वारंवार जाहिरात देऊनही उमेदवार आला नाही तर त्या वर्गातल्या मुलांनी किती वर्षे वाट पाहायची, याचे उत्तर शासनाने द्यायला हवे. मार्च २०२४ मध्ये संचमान्यतेचे निकष बदलले आणि कमी पटाच्या शाळांतली पदे आणखी धोक्यात आली. उर्दू शाळा बहुधा कमी पटाचीच असते. आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राने अल्पसंख्याक मुलांची पहिली ते आठवीची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती बंद केली. कारण काय दिले? तर शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंतचे शिक्षण मोफतच आहे. कायद्यातले मोफत शिक्षण शिष्यवृत्ती काढण्यासाठी आठवते, त्याच कायद्यातला विज्ञानाचा शिक्षक देताना मात्र आठवत नाही.

प्रशिक्षणांचेही तेच. २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' आले, ज्ञानरचनावाद हा शब्द प्रत्येकाच्या तोंडी झाला. कल्पना चांगली होती. पण अनेक ठिकाणी तिचा अर्थ फरशीवर ऑइलपेंटने आकडे रंगवणे एवढाच झाला, आणि तोही लहान वर्गांपुरता. सहावी-सातवीचा वर्ग जिथल्या तिथेच. आम्हाला प्रशिक्षणात पडद्यावर कृतियुक्त अध्यापनाविषयी तीन तासांचे व्याख्यान ऐकवले जाते. कृती एकही नाही, उर्दूतला कागदही नाही. परत आल्यावर उपक्रमाचे फोटो पाठवायचे, यू-डायसची माहिती भरायची, अपार आयडी काढायचे. मुलाने प्रश्न विचारला की नाही याचा रकाना कोणत्याच फॉर्ममध्ये नसतो.

सरकारला बोलून झाले, आता घरात डोकावू. आपल्या समाजाच्या शिक्षणसंस्था कशासाठी चालतात, हा प्रश्न विचारायची वेळ आली आहे. शाळेची कमान लाखोंची, वार्षिक जलशाचा मंडप हजारोंचा, पाहुण्यांच्या शाली वेगळ्या. आणि विज्ञानाची पेटी? कपाटात कुलूपबंद, कारण परीक्षानळी फुटली तर भरून कोण देणार! जलशात दर वर्षी एक मुलगा उभा राहून इब्न अल-हैसमचे नाव घेतो आणि टाळ्या मिळवतो. हे इब्न अल-हैसम कोण होते? दहाव्या शतकात बसऱ्यात जन्मलेले, 'किताब अल-मनाझिर' लिहिणारे. डोळ्यांतून किरण निघतात म्हणून आपल्याला दिसते, हे युक्लिड आणि टॉलेमी यांचे मत त्यांनी अंधाऱ्या खोलीत, छिद्रातून येणाऱ्या उजेडाचे प्रयोग करून खोडून काढले. त्यांच्या एका ग्रंथाच्या नावातच टॉलेमीवरील शंका आहेत. त्यांचे नाव घेऊन टाळ्या वाजवायच्या आणि वर्गात बुटाच्या खोक्याला टाचणीने भोक पाडून पडद्यावर उलटी पडलेली खिडकी मुलांना दाखवायची नाही, हा कुठला अभिमान?

काहींच्या मनात याहून खोल भीती असते. आज हळदीविषयी 'कायकू' विचारणारे पोर उद्या आणखी कशाविषयी विचारील? विचारू द्या. हजार वर्षांपूर्वी शंका घेणारा तो माणूस मुसलमानच होता आणि शंका घेतल्याने त्याचा ईमान डळमळला नाही. सवालाने जे कोसळते ते सवाल येण्याआधीच पोकळ झालेले असते. पोराने घरात विचारायचे नाही, शाळेत विचारायचे नाही, तर मग ते मोबाइलवर ज्याला विचारील त्याचे उत्तर खरे मानील. ती भीती जास्त मोठी आहे.

इंग्रजी माध्यमाच्या मागे धावणाऱ्या पालकांविषयीही बोलले पाहिजे. इंग्रजी शिकावीच, आम्हीही शिकवतो. पण शिकवणाऱ्याला येत नाही, घरी कुणी बोलत नाही अशा इंग्रजीतून विज्ञान पाठ करणारे मूल गणवेशाने टापटीप दिसते आणि वर्गात मुके असते. त्याला 'कायकू' विचारायलाही भाषा उरत नाही.

आणि प्रश्नांना तोटा आहे का? २१ मार्च २०२४ च्या सकाळी सहाच्या सुमारास हिंगोली-नांदेड परिसर ४.५ रिश्टरच्या धक्क्याने हादरला. रमजानचे दिवस, सहरी होऊन फजरची नमाज झालेली. त्या दिवशी शाळेत दुसरा विषयच नव्हता. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे भागात तर जमिनीतून गूढ आवाज येण्याच्या बातम्या कित्येक वर्षांपासून येत आहेत. "जमीन कायकू गुरगुरती?" असे मुलांनी विचारले. आम्ही त्यांना वहीत चार रकाने आखायला लावले : कोणते घर, घर मातीचे की स्लॅबचे, काय जाणवले, किती वेळ. मुले मोहल्ल्यात फिरली, पन्नास-साठ घरांची नोंद आणली, फळ्यावर गल्ल्यांचा नकाशा काढला. कुणाची भांडी पडली, कुणाला झोपेत कळलेच नाही. एकच धक्का ठिकठिकाणी वेगळा का जाणवतो, हा प्रश्न त्या नकाशातून आपोआप उभा राहिला. अफवा पसरवणारा एक मुलगा सर्वांत चांगली नोंद घेऊन आला.

याच जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यातल्या दुधाळ्याजवळ, लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला सुमारे २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी पडणारा फरक मोजायचा. अमेरिकेतल्या अशाच यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी गुरुत्वीय लहर पहिल्यांदा टिपली होती. ती १३० कोटी प्रकाशवर्षांवरच्या दोन कृष्णविवरांच्या टकरीतून निघाली होती. जगातले शास्त्रज्ञ औंढ्याला येतील. तेव्हा आमच्या मुलांचे काम काय असेल? त्यांना चहा नेऊन देण्याचे, गेटवर उभे राहण्याचे, की आत बसण्याचे? हे आज सहावी-सातवीच्या वर्गात ठरते आहे.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक उर्दू उच्च प्राथमिक शाळेला विज्ञान-गणिताचा एक शिक्षक, कायद्यात आहे तेवढाच. प्रशिक्षण उर्दूत, आणि ऐकायचे नव्हे, करायचे. आठवड्यातून दोन तासिका अशा की ज्यांत उत्तर सांगण्याची शिक्षकाला बंदी आणि प्रश्न विचारण्याची मुलाला मोकळीक. परीक्षेत निदान एक प्रश्न असा की ज्याचे उत्तर कोणत्याही गाइडमध्ये नाही. संस्थांनी कमानीचा एक वर्षाचा खर्च प्रयोगाच्या पेट्यांवर करावा आणि कपाटांची कुलुपे काढावीत. आठवीनंतर गावात उर्दू हायस्कूल नाही म्हणून घरी बसणाऱ्या मुलींसाठी जाण्या-येण्याची सोय करावी, कारण सर्वांत नेमके प्रश्न आमच्या वर्गात त्याच विचारतात.

आणि एक मागणी या पानांवर लिहिणाऱ्यांकडे. मुस्लिम मराठी साहित्यात आपण आपल्या दुःखाविषयी, दंग्यांविषयी, ओळखीविषयी खूप लिहिले आणि ते लिहायलाच हवे होते. पण कलईवाल्याच्या भट्टीत नवसागर टाकल्यावर धूर का निघतो, पिंजाऱ्याने पिंजलेल्या कापसात ऊब कुठून येते, पानात चुना आणि कात एकत्र आले की तोंड लाल का होते, याविषयी बारा वर्षांच्या मुलासाठी कुणी लिहिले? हे धंदे आपले आहेत, त्यांतले विज्ञान आपल्या घरात आहे. ते मराठीत लिहा, उर्दूत लिहा, दोन्हींत लिहा. आम्ही वर्गात वाचून दाखवू, आणि लिहिलेले चुकीचे असेल तर आमची मुले ते करून पाहतील आणि तुम्हाला पत्र पाठवून विचारतील. त्या पत्राचे उत्तर मात्र द्यावे लागेल.